पावसाळी अंतर, कोरडं अंतर

अंजनगाव सुर्जीपासून पुणे किती लांब आहे हे आम्हाला फक्त अंगदुखीवरून कळतं. पण अंजनगाव सुर्जीपासून आमचं प्रत्येक खेडं किती लांब आहे, हे पुण्यात एसीखाली बसलेल्या माणसाला दशांश चिन्हाच्या पुढच्या दोन घरांपर्यंत ठाऊक असतं. जो त्या रस्त्यावरून रोज जातो त्याला ‘असेल वीस-बावीस’ एवढंच सांगता येतं, आणि जो कधीच गेलेला नाही तो ‘१४.३७’ असं सांगतो. वादात दशांशवाला जिंकतो.

मी एका कीटकनाशक कंपनीचा फिल्डवरचा माणूस. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझं एक बिल अजून तिथे पडून आहे. माझं ‘हेडक्वार्टर’ अंजनगाव सुर्जी. म्हणजे माझ्या घरातली खिडकीजवळची खुर्ची, तिच्यावर नमुन्यांची बॅग आणि बॅगेवर वाळत टाकलेला रेनकोट. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि मधल्या पट्ट्यात कापूस, तूर, संत्रा, केळी. गावालगत पानमळे आणि पानपिंपरी. एवढ्या पिकांवर जितक्या अळ्या पडतात, तितकी माझी नोकरी पक्की. पिकावर रोग आला की कास्तकार कपाळाला हात लावतो आणि आमचे साहेब टार्गेट वाढवतात. मी दोघांच्या मधे दुचाकीवर असतो.

दुचाकी माझी, पेट्रोल माझं, कंबर माझी. किलोमीटर तेवढे कंपनीचे. त्यांचे दर किलोमीटरमागे साडेतीन रुपये. पूर्वी हा हिशेब कागदावर चाले. ‘स्टँडर्ड फेअर चार्ट’ नावाचा एक तक्ता होता. तो कधी, कोणी, कुठल्या एसटीच्या तिकिटावरून बनवला हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला वेदांसारखा मान होता. त्यात चूक होती, पण ती सगळ्यांना पाठ होती आणि तिच्यावर संसार चालत होते.

मग मोबाईलवर अॅप आलं. सकाळी घरून निघताना पंच करायचं, दुकानात पोचल्यावर पंच करायचं, मधलं अंतर अॅप स्वतः काढणार. ट्रेनिंगला आलेल्या पोरानं सांगितलं, “सर, आता टीए बिल भरायची कटकटच संपली.” ते खरं निघालं. भरायची संपली, आणि मिळायचीही जवळजवळ संपलीच. कारण ते अॅप दोन पंचांच्या मधे सरळ रेघ ओढत होतं. मधे नाला आहे, वावर आहे, कुणाच्या संत्र्याच्या बागेचं कुंपण आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. यालाच हवाई अंतर म्हणतात, असं मला मेलवर कळवण्यात आलं. बगळ्याला ते अंतर लागू पडतं हे मी मान्य केलं. पण बगळा कंपनीच्या पगारावर नाही. उलट नांगरामागे फिरून अळ्या फुकट खातो आणि आमचा धंदा बुडवतो.

सगळा वाद पेटला तो एका गावावरून. गावाचं नाव घेत नाही, तिथला कृषी केंद्रवाला हे वाचेल आणि आधीच तो माझ्यावर खार खाऊन आहे. गाव पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. उन्हाळ्यात पांदण रस्त्यानं गेलं की १९ किलोमीटर. पावसाळ्यात पांदण बंद, नाल्याला पूर, म्हणून दर्यापूरच्या बाजूनं डांबरी धरून वळसा घालायचा: ४१ किलोमीटर. अॅपच्या मते बाराही महिने १४.३७.

‘पांदण बंद’ म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. बाहेरच्याला चिखल माहीत असतो. आमची काळी माती माहीत नसते. पहिल्या सरीनंतर ती चाकाला नुसती चिकटत नाही, चाकाशी सोयरीक करते. शंभर पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्या मधली फट गच्च भरते. मग चाक फिरायचं बंद होतं आणि गाडी तशीच घसरत पुढे जाते. उतरायचं, बांधावरची एखादी पऱ्हाटीची काडी उपटायची आणि मडगार्डातला चिखल कोरून काढायचा. पुन्हा शंभर पावलं. पुन्हा काडी. जाणते लोक जून महिन्यात पुढचं मडगार्डच काढून ठेवतात. मग तोच चिखल तोंडावर येतो, पण निदान चाक फिरतं. अशा रस्त्यावर पहिल्या वर्षी मी एकदा गेलो होतो. त्या दिवशी मी गाडीवरून जितका प्रवास केला, त्याहून जास्त गाडीनं माझ्यावरून केला. हे किलोमीटर कोणाच्या खात्यावर टाकायचे याचं मार्गदर्शन कंपनीच्या पॉलिसीत नव्हतं.

तर पावसाळ्याची ४१ किलोमीटरची बिलं मी अॅपच्या ‘मॅन्युअल एंट्री’त टाकत गेलो आणि पुण्याहून ती १४.३७ होऊन येत गेली. शेरा एकच: ‘अतिरिक्त अंतर अमान्य.’ मी मेल केला की रस्ता बंद असतो. उत्तर आलं, पर्यायी मार्गाचं जस्टिफिकेशन जोडा. मी लिहिलं, नाल्याला पूर आहे. उत्तर आलं, पुराचा फोटो जोडा. मी छत्री धरून, मोबाईल वाचवत, नाल्याच्या काठावरून फोटो काढला आणि पाठवला. अकाऊंट्सच्या मॅडमचा फोन आला. बोलणं अतिशय मऊ, शुद्ध, आणि प्रत्येक वाक्याला ‘सर’.

“सर, फोटो मिळाला. पण सर, यात पूल दिसत नाहीये.”

“मॅडम, पूल दिसत नाही हाच तर पुरावा आहे.”

तिकडे क्षणभर शांतता. मग, “सर, मग पूल दिसत असतानाचा एक फोटो पाठवाल का? म्हणजे कम्पॅरिझन करता येईल.”

मी पाठवला. तो मार्चमधला होता, त्यात नाल्यात बकऱ्या चरत होत्या. त्यावर क्वेरी आली की या नाल्यात पाणीच दिसत नाही, तर पूर कसा येतो?

पुण्यातल्या माणसांना मी दोष देत नाही. ज्यांच्याकडे पाणी वाढलं की धरणातून किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर सांगतात, त्यांना असं न कळवता येणारं पाणी कसं समजणार?

वाद जुना झाला तशी गावभर वार्ता गेली आणि बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माझं प्रकरण चालू झालं. पहिला सल्ला औषध कंपनीच्या एमआर मित्राचा. त्यांची जमात संघटित. डॉक्टरच्या दाराशी ताटकळत बसून त्यांचा कायद्याचा अभ्यास होतो. तो म्हणाला, “आमच्यासाठी १९७६ साली सेल्स प्रमोशन एम्प्लॉईजचा कायदा केला होता भाऊ. तुझ्यासाठी कोणी काय केलं? बोंडअळीनं केलं तेवढंच.” मग त्यानं आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगितली: १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या होती, आणि प्रवासभत्ता त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेला होता. म्हणजे टीए हा पगार नव्हे. त्यावर शेजारी बसलेल्या टॅक्सवाल्यानं भर घातली की आयकरवालेही कामासाठी खरोखर खर्च झालेल्या प्रवासभत्त्याला उत्पन्न मानत नाहीत.

हे ज्ञान मी घरी नेलं. बायकोनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

“पगार नाई, कमाई बी नाई. मंग ते पैसे हायेत तरी कोनाचे?”

“आपलेच. पेट्रोलात गेलेले.”

“गेलेले ना? मंग थे परत येतीन म्हून कायले वाट पाहून रायले?”

दुसरा सल्ला पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या काकांचा. त्यांची हयात प्रवासभत्ता देयकं तपासण्यात गेलेली. त्यांनी सरकारी नियम सांगितला: मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत गेलं तर दैनिक भत्ता नाही. “म्हनून बापू, सरकारी दप्तरात एकबी गाव साडेसात किलोमीटरवर नसते. एक त आठाच्या पल्याड असते, नाई त तिथं कोनी गेलंच नसते.” काकांच्या मते माझी गफलत तत्त्वाची होती: मी आधी प्रवास करत होतो आणि मग बिल लिहीत होतो.

तिसरे होते इतिहासाचे गुरुजी. अंजनगावात कुठलाही वाद १८०३ पर्यंत नेता येतो, आणि गुरुजी तो नेतातच. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवटचा अंक आमच्या अंगणात झाला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई. मग इंग्रज फौजा एलिचपूर, म्हणजे आताच्या अचलपूरला जमल्या आणि गाविलगडाकडे वळल्या. पण गडावर मुख्य हल्ला करायचा तो उत्तरेकडून, आणि फौज तर दक्षिणेच्या सपाटीवर. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं अवजड तोफा सातपुड्याच्या डोंगरादऱ्यांतून हातांनी ओढत नेल्या. आणि रस्ता नव्हता म्हणून तो त्यांनीच आधी बनवत नेला. १५ तारखेला गड पडला, १७ ला देवगावात भोसल्यांशी तह, आणि ३० डिसेंबर १८०३ ला आमच्या सुर्जी अंजनगावात दौलतराव शिंद्यांशी तह. इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

“आता मले सांग,” गुरुजी बशी खाली ठेवून म्हणाले, “त्या स्टीव्हन्सनले कलकत्त्याहून कोनी लिहिलं का, की गाविलगड हवाई अंतरानं जवळच हाये, तोफायचं जास्तीचं अंतर अमान्य?”

हा मुद्दा मी जसाच्या तसा मेलमध्ये टाकला. उत्तर आलं: ‘डिअर सर, कृपया संबंधित कालावधीतलीच उदाहरणं द्यावीत.’

पण गुरुजींनी आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र पुढे कामी आलं. सुर्जी अंजनगावच्या तहात एक कलम असं होतं की, शिंद्यांच्या ज्या मांडलिकांशी इंग्रजांनी करार केले असतील ते शिंद्यांना मान्य. त्यांची यादी मागाहून देऊ. मागाहून आलेल्या यादीत गोहदचा राणा निघाला आणि त्याच्याबरोबर ग्वाल्हेरचा किल्ला. शिंदे म्हणाले, ग्वाल्हेर आमचं. गव्हर्नर जनरल म्हणाला, कलम वाचा. खुद्द आर्थर वेलस्लीला ग्वाल्हेर शिंद्यांकडे राहावं असं वाटत होतं आणि गव्हर्नर जनरल त्याचाच सख्खा भाऊ, तरी उपयोग झाला नाही. अखेर नोव्हेंबर १८०५ मध्ये नवा तह झाला तेव्हा ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांकडे परत आले. ‘यादी मागाहून’ या दोन शब्दांची किंमत जवळजवळ दोन वर्षं. आमच्या कंपनीच्या पॉलिसीतही शेवटची ओळ आहे: ‘अंतरांचा तक्ता मागाहून अपडेट केला जाईल.’

हिशेबाचे असे घोळ आमच्या गावाला नवे नाहीत. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वे इथूनच जायची. रूळ विलायती कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणारं सरकार, आणि देशातल्या रेल्वे सरकारी झाल्यावरही ही छोटी लाईन खाजगीच राहिली. त्यामुळे रेल्वे खातं स्वतःची गाडी धावल्याबद्दल दुसऱ्याला पैसे मोजत राहिलं. गाडी अचलपूर ते यवतमाळ हे १९० किलोमीटर अंतर वीसेक तासांत कापायची. तिच्या ड्रायव्हरला पंच करायला लावलं असतं तर अॅपनं त्याला ‘जागेवरच उभा’ असं दाखवलं असतं.

असो. प्रकरण सुटलं ते कायद्यानं नाही, इतिहासानं नाही, आणि माझ्या मेलनं तर नाहीच. ते साहेबांच्या पानामुळे सुटलं.

ऑगस्टात बोंडअळीवर शेतकरी मेळावा ठेवला होता, त्याच गावात. अकोल्याहून आमचे साहेब कार घेऊन आले. आधी माझ्या हेडक्वार्टरला, म्हणजे घरी. रेनकोट काढून खुर्ची मोकळी केली, चहा झाला, आणि आम्ही निघालो. पुढे साहेबांची कार, मागे माझी दुचाकी. कारमधे जागा होती. पण मला परतताना आणखी दोन दुकानं करायची होती, आणि खरं सांगायचं तर साहेबांच्या मागच्या सीटवर बसून टार्गेट ऐकण्यापेक्षा पाऊस बरा. कार अर्थातच डांबरी धरून वळशानं गेली. पांदणीनं गेली असती तर अजून तिथेच असती आणि तिच्यावर एव्हाना पानवेल चढली असती.

मेळावा छान झाला. साहेबांनी फेरोमोन सापळे दाखवले, कास्तकारांनी भाव विचारला, मग सगळे जेवले. निघताना साहेबांनी दुकानदाराला विचारलं, “तुमच्या भागातलं पान मोठं प्रसिद्ध म्हणतात?” दुकानदार म्हणाला, “म्हंजे काय सायेब! या आपल्याच सोयऱ्याच्या पानमळ्यात, इथंच तर हाये.” वऱ्हाडात ‘इथंच’ या अंतराला कुठलाच फेअर चार्ट पुरत नाही. साहेब गेले, मळा पाहिला, पान खाल्लं, चार पानं कागदात बांधून घेतली.

महिनाअखेर दोन बिलं एकाच टेबलावर पोचली. माझं: त्या दिवशी, त्या गावाला, साडेतीन रुपये दरानं ४१ किलोमीटर. साहेबांचं: त्याच दिवशी, त्याच गावाला, चारचाकीच्या नऊ रुपये दरानं ४३ किलोमीटर. माझ्या पंचांप्रमाणे अॅपचं म्हणणं १४.३७. साहेबांच्या पदाला अॅप लागू नव्हतं; ते फक्त त्यांच्या फोनमधे होतं, शोभेला.

मॅडमचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच थोडी काळजी.

“सर, एक क्वेरी होती. साहेबांच्या बिलात ४३ आहेत आणि तुमच्या बिलात ४१.”

“हो.”

“म्हणजे सर, तुमचे दोन किलोमीटर कमी कसे?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या बाईनं तीन पावसाळे मला ‘जास्तीचे कुठून आले’ एवढंच विचारलं, ती आता ‘कमी का’ म्हणून विचारत होती. मग हळूहळू उलगडलं. ऑडिटवाल्यानं दोन्ही बिलं शेजारी ठेवली होती. गाव एकच, दिवस एकच. म्हणजे दोनांतलं एक अंतर खोटं. साहेबांचं खोटं असणं पॉलिसीत बसत नव्हतं. मग साहेबांचं खरं. म्हणजे गाव लांब आहे. म्हणजे अॅप चुकलं. म्हणजे मी बरोबर. उरले फक्त दोन किलोमीटर, आणि ते आता माझ्या अंगावर शेकत होते.

पानाचं मी बोललो नाही. एवढंच म्हणालो, “मॅडम, कार जरा रुंद असते. वळणावर तिला जास्त रस्ता लागतो.”

“ओके सर,” मॅडम म्हणाल्या आणि टाईप केल्याचा आवाज आला.

त्यानंतर चक्रं अशी फिरली की मीच घाबरलो. पुणे, अकोला आणि अंजनगाव असा तिघांचा कॉन्फरन्स कॉल लागला. एचआरचे एक सर चौथे. ग्वाल्हेर माझ्या डोक्यात होतंच, तेव्हा मी आधीच सांगितलं की ‘तक्ता मागाहून’ हे चालणार नाही, जे काय ते आज लिहा. एचआरचे सर म्हणाले, “ठीक आहे, आपण दोन कॉलम करू. एक पावसाळी अंतर, एक कोरडं अंतर.” माझ्या मते कंपनीच्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणं वाक्य होतं आणि ते वैतागून निघालं होतं.

पण मग पावसाळा म्हणजे काय, यावर घोडं अडलं. मी म्हटलं, मृग लागल्यापासून नवरात्र बसेपर्यंत. एचआरचे सर म्हणाले, सिस्टीमला मृग घेता येत नाही, तारीख द्या. साहेब म्हणाले, हवामान खात्यानं मान्सून जाहीर केला की. मी म्हटलं, खात्यानं जाहीर केला तरी नाल्याला ते कळायला वेळ लागतो. शेवटी १५ जून ते १५ ऑक्टोबर ठरलं. मी अवकाळीचा विषय काढला. तिघंही एका सुरात नाही म्हणाले. अवकाळीचे पैसे सरकारसुद्धा पंचनाम्याशिवाय देत नाही, कंपनीनं का द्यावेत?

कारचा पावसाळी आकडा ४३ आणि दुचाकीचा ४१ असा तक्त्यात चढला. साहेबांनी दोन किलोमीटरचा फरक ऐकला, खाकरले, आणि पुढचा मुद्दा घ्या म्हणाले.

थकबाकीवर ताणाताणी झाली. कंपनीचं म्हणणं, मागचे पैसे देणं म्हणजे मागची चूक मान्य करणं. तोडगा एचआरनंच काढला: रक्कम मिळेल, पण ‘गुडविल’ या नावानं, दोन हप्त्यांत, आणि हे उदाहरण म्हणून दुसऱ्या कुठल्याही हेडक्वार्टरला दाखवायचं नाही. मी होकार दिला. त्याच संध्याकाळी अकोट, दर्यापूर आणि परतवाड्याच्या आमच्या माणसांनी मला फोन करून विचारलं की पावसाळी कॉलम कुठे असतो.

पैसे आले. बायकोनं मेसेज वाचला, “हे गुडविल कोन हाये?” असं विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत त्यातून गहू भरून टाकला.

पुढच्या जूनमधे नवा टूर प्रोग्राम आला. मी ते गाव शोधत होतो. दर पंधरवड्याला असायचं. यात कुठेच नव्हतं. साहेबांना फोन लावला.

“अरे, खर्चाचा आढावा घेतला आम्ही,” साहेब म्हणाले. “४१ किलोमीटर! जाऊन-येऊन ८२! एका दुकानासाठी परवडतं का सांग. तू पावसाळ्यात त्यांच्याशी फोनवरच बोल.”

तेव्हा जुलैत मी फोनवर बोललो. दुकानदार चांगलाच तापलेला होता.

“काऊन बावा, इतले दिवस चिखलातून येत होता, अन आता डांबरी सुधरली त येऊन नाई रायला?”

“कसं सांगू भाऊ,” मी म्हटलं, “पुण्यात तुमचं गाव लय लांब गेलं.”